'फुलनेस'ला मराठीत काय म्हणावे? भरलेपण, पूर्णता आणि त्यांच्यामधले अंतर

बडोद्यातील एका रुग्णालयाची माहितीपत्रके मराठीत आणण्याचे काम नव्याने हाती घेतलेल्या एका भगिनीने विचारले आहे, की इंग्रजीतील 'फुलनेस' या शब्दाचा नेमका अर्थ काय, शब्दकोशात त्याच्यासमोर दिलेल्या 'पूर्णता', 'परिपूर्णता' आणि 'भरलेपणा' या शब्दांपैकी कोणता घ्यावा, आणि रोजच्या बोलण्यात मराठी माणूस हा अर्थ कसा व्यक्त करतो. त्यांच्यासमोर तीन ठिकाणे आहेत. एका पत्रकात जेवणानंतर पोटात जाणवणारा फुलनेस आहे, दुसऱ्यात कानातला, आणि तिसऱ्यात गरोदरपणाचे नऊ महिने भरत आल्याचा उल्लेख आहे. गुजराती आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे काम मी तीसहून अधिक वर्षे दांडिया बाजारातल्या घरी बसून करते आहे आणि या एका शब्दाने मला अनेकदा अडवले आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते.

इंग्रजी शब्दाचा अर्थ अवघड नाही. जे भरलेले आहे, ज्यात आणखी मावत नाही किंवा ज्यात काही उणे नाही, त्याच्या अवस्थेला ते लोक फुलनेस म्हणतात. हे एकच नाम त्यांना पोटाला चालते, कानाला चालते, पडद्याच्या कापडाला चालते, गवयाच्या आवाजाला चालते आणि आयुष्यालाही चालते. मराठीत असे सगळीकडे चालणारे नाम नाही आणि त्याची उणीव आपल्याला भासतही नाही, कारण हा अर्थ आपण नामात न ठेवता क्रियापदात ठेवतो. 'पोटात भरलेपणा आहे' असे कोणी म्हणत नाही. पोट भरते, गच्च होते, टम्म फुगते किंवा डब्ब होते. म्हणून पहिली सूचना हीच, की नामासाठी नाम शोधत बसू नये. काय भरले, कशाने भरले आणि ते कोणाला जाणवले, एवढे तीन प्रश्न त्या वाक्याला विचारावेत, म्हणजे योग्य क्रियापद आपोआप जिभेवर येते.

शब्दकोशातील प्रतिशब्दांनी काय होते याचा अनुभव सांगते. शेजारच्या काकूंना जेवण जात नव्हते, म्हणून त्यांच्याबरोबर मी एका रुग्णालयात गेले होते. तिथे भरायच्या मराठी कागदावर एक प्रश्न होता: 'जेवताना आपल्याला लवकर पूर्णतेची भावना येते का?' काकूंनी चष्मा वर केला, प्रश्न दोनदा वाचला, क्षणभर हात जोडले आणि म्हणाल्या, "येते हो. समाधान आहे, देवाच्या दयेनं." आणि 'नाही, तक्रार नाही' या चौकटीवर त्यांनी खूण केली. मी विचारले, "काकू, दोन घास खाल्ले की पोट भरतं का तुमचं?" त्या लगेच म्हणाल्या, "दोन कुठले गं, दीडच. मग असं गच्च होतं की पाणीसुद्धा नको वाटतं." ती खूण आम्ही खोडली आणि डॉक्टरांना जाऊन सांगितले. थोड्याशा अन्नाने पोट भरल्यासारखे होणे आणि ते बरेच दिवस टिकणे हे वैद्यकाच्या दृष्टीने विचारून घेण्याजोगे लक्षण असते, आणि एका संस्कृत नामामुळे ते कागदावरून निसटणार होते. काकूंचे काहीही चुकले नव्हते. 'पूर्णता' या शब्दाने मराठी माणसाला जे सांगितले पाहिजे तेच त्यांना सांगितले होते.

त्यामुळे 'पूर्ण' आणि 'भरलेला' यांतील अंतर आधी पक्के करून घ्यावे लागते. मराठीत या अर्थाची दोन घराणी आहेत. एक 'भर'चे: भरणे, भरपूर, भरगच्च, भरघोस, भरीव, भरभराट, भरती, भराव. दुसरे 'पूर'चे: पूर्ण, पुरा, पुरेसा, पुरणे, पुरवठा, पुरवणी, पौर्णिमा आणि नदीचा पूर. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की संस्कृतात भरण्याचा अर्थ असलेला धातू 'पॄ' हा आहे, म्हणजे दुसऱ्या घराण्याचा. पहिल्या घराण्याच्या 'भृ' धातूचा अर्थ धारण करणे, पोसणे असा होता आणि तो 'भरणपोषण' या जोडशब्दात अजून टिकून आहे. मराठीपर्यंत येताना दोघांनी आपापली कामे बदलून घेतली. आज 'भर' हा भांड्यात काही घालण्याकडे झुकतो आणि 'पूर्ण' हा काही उणे न राहण्याकडे. कुंभाराच्या दारात उभे राहून पाहा. 'माठ पूर्ण झाला' म्हटले तर तो घडवून, भाजून तयार झाला; 'माठ भरला' म्हटले तर त्यात पाणी आले. पूर्ण झालेला माठ रिकामा असू शकतो, आणि अर्धवट भाजलेला, गळका माठही क्षणभर काठोकाठ भरता येतो.

उपनिषदांतील 'पूर्णमदः पूर्णमिदम्' हा शांतिमंत्र आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेला आहे. पूर्णातून पूर्ण काढून घेतले तरी पूर्णच उरते, असे तो सांगतो. त्यातल्या 'पूर्ण'च्या जागी 'भरलेले' घालून पाहावे, म्हणजे हे अंतर हाताला लागते. भरलेल्यातून भरलेले काढले तर उरेल ते रिकामे भांडे, आणि मंत्राचा अर्थच नाहीसा होईल. जिथे इंग्रजी वाक्यात फुलनेस म्हणजे उणेपणाचा अभाव आहे, तिथे 'पूर्णता' निःशंक घ्यावी. बायबलच्या मराठी भाषांतरात 'काळाची पूर्णता झाली' असे येते, आणि ते मला योग्य वाटते, कारण तिथे काळ हे भांडे नव्हे.

आता 'भर'कडे वळते, कारण रोजचे बोलणे बहुतेक तिथेच चालते आणि मराठीची खरी श्रीमंती तिथे आहे. आपल्याकडे शाळा भरते, बाजार भरतो, जत्रा भरते, सभा भरते. यांतले एकही वाक्य गुजराती किंवा इंग्रजीत मला शब्दशः नेता येत नाही, असे नाही. बाजार गुजरातीतही भरतो, पण शाळा भरणे हे खास आपले. शाळेचे दार उघडले म्हणजे शाळा भरली असे होत नाही. मुले येऊन वर्गात बसली म्हणजे ती भरते, आणि ती गेली की शाळा सुटते. फी भरतो, अर्ज भरतो, रिकामी जागा भरतो, तूट भरून काढतो. बायका बांगड्या 'घालत' नाहीत, कासाराकडे बसून 'भरतात', आणि ओटी तर भरायचीच असते: तांदूळ, नारळ, खण आणि सुपारी पदरात पडल्यावर त्या पदराला ओंजळीत धरून ठेवावे लागते, तेव्हाचे त्याचे वजन ज्या बाईने एकदा अनुभवले आहे तिला 'भरणे' या क्रियापदाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. आमच्या घरी आजी 'तांदूळ संपले' असे कधी म्हणत नसे. 'तांदूळ उदंड झाले' म्हणत असे, आणि मग आजोबा पिशवी घेऊन खंडेराव मार्केटकडे निघत. रिकाम्या डब्यालाही भरल्याचा शब्द द्यायचा, ही त्या पिढीची रीत होती.

'भरून येणे' या जोडक्रियापदाकडे भाषांतरकाराने विशेष लक्ष द्यावे. आभाळ भरून येते, ऊर भरून येतो, डोळे भरून येतात, आणि जखमही भरून येते. पहिल्या तिन्हींत काहीतरी आत साठत जाऊन आता बाहेर पडेल अशा टोकाला पोचते. चौथ्यात खड्डा बुजतो, कातडी सांधली जाते आणि माणूस बरा होतो. परिचारिकेने 'जखम भरते आहे' असे सांगितले तर मराठी रुग्ण निश्चिंत होतो. पण हेच वाक्य 'जखमेत पू भरतो आहे' असे झाले की अर्थ नेमका उलटतो, म्हणून वैद्यकीय पत्रकात कशाने भरते ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशीच जोडी 'डोळे भरून पाहणे' आणि 'डोळे भरून येणे' यांची. माहेरी आलेल्या मुलीला आई डोळे भरून पाहते, आणि ती निघताना तिचे डोळे भरून येतात. 'मन भरणे' त्याहून नाजूक आहे. 'गाणे ऐकून मन भरले' हे समाधान झाले, 'या कामाने आता मन भरले' हा कंटाळा झाला, आणि 'मन भरून आले' हा गहिवर. इंग्रजी मजकुरात मनाचा किंवा हृदयाचा फुलनेस दिसला, तर या तिघांपैकी कोणता, हे आधी ठरवावे.

शब्दाच्या मागे लागणारा 'भर' आणि पुढे लागणारा 'भर' यांचेही काम वेगवेगळे आहे. पुढे लागला की तो ऐन मध्य दाखवतो: भर दुपारी, भर रस्त्यात, भर पावसात. मागे लागला की तो माप होतो, आणि मग ते माप जेवढे असेल तेवढाच अर्थ होतो. गावभर, दिवसभर, आयुष्यभर यांत विस्तार आहे; घोटभर, कणभर, तिळभर यांत टंचाई आहे. तीळ काठोकाठ भरला तरी तो तीळच. म्हणून 'भर' आला म्हणजे पुष्कळ आले, असे समजू नये. 'पोटभर' हा या सगळ्यांत मला सर्वांत समतोल शब्द वाटतो, कारण त्यातले माप ज्याचे त्याचे असते.

किती भरले, हे सांगण्यासाठीही प्रत्येक वस्तूचा आपला शब्द आहे, आणि तो चुकला की वाक्य परके वाटते. द्रव काठोकाठ भरतो, धान्य शिगोशीग. जुन्या मापाने धान्य घेताना दुकानदार सपाट माप देतो की वर शीग लावून, यावर त्याची नियत ठरत असे. तळे तुडुंब भरते, नदी दुथडी भरून वाहते, सभागृह खच्चून भरते, बोचके ठासून भरतात, झाड फळांनी लगडते आणि फुलांनी डवरते. 'ओतप्रोत' हा शब्द विणकरांकडून आला आहे. ओत म्हणजे उभा धागा आणि प्रोत म्हणजे आडवा, त्यामुळे जे धाग्याधाग्यांत गुंतले आहे त्यालाच तो शोभतो. 'माया ओतप्रोत' बरोबर, 'बादली पाण्याने ओतप्रोत' बरोबर नाही. आमच्या शहरात हा सगळा शब्दसंग्रह पावसाळ्यात कामी येतो. आजवा सरोवर भरले की नाही हे जुलैपासून घरोघरी विचारले जाते. तिथे अभियंता 'पूर्ण संचय पातळी' म्हणतो, लोक 'आजवा भरला' म्हणतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, तेव्हा मात्र 'भरणे' हे क्रियापद घराच्या आत आले होते. 'तुमच्याकडे किती भरलं?' एवढाच प्रश्न फोनवरून विचारला जाई आणि उत्तर गुडघाभर, कमरेभर असे मिळे.

बडोद्याच्या मराठीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. गुजरातीतील 'पूरुं' हा शब्द पूर्ण आणि संपलेले या दोन्ही अर्थांनी चालतो, आणि त्याच्या शेजाराने आपण इथले लोक 'नाटक पूर्ण झालं', 'दूध पूर्ण झालं' असे सहज म्हणून जातो. घरात त्याला माझी हरकत नाही, तो आपल्या बोलीचा भाग झाला आहे. पण छापील पत्रकात 'औषध पूर्ण झाल्यावर' असे लिहिले तर ते बाटली संपल्यावर, की ठरलेल्या दिवसांचा उपचार पुरा झाल्यावर, हे कळत नाही, आणि इथे त्या दोन्हींत फरक असू शकतो. तिथे 'संपल्यावर' किंवा 'ठरलेले दिवस पुरे झाल्यावर' असे स्पष्ट लिहावे. उलट गुजरातीकडून शिकण्यासारखेही आहे. जेवण होऊन पुन्हा वाढू लागले की गुजराती पाहुणा 'धराई गयो' म्हणतो. पोट भरले आणि इच्छाही उरली नाही, हे दोन्ही त्या एका क्रियापदात येते. आपल्या जुन्या मराठीत 'धाणे' होते, 'मन धाले' होते, 'धणी पुरणे' होते. संतांच्या वाणीत हे शब्द भेटतात, बोलण्यातून मात्र ते गेले, आणि आपल्या हाती संस्कृत 'तृप्ती' उरली. तृप्ती सुंदर आहे, पण तिला क्रियापद नाही. तृप्त 'व्हावे' लागते.

राज्यकारभारासाठी शब्द घडवण्याची या शहराला जुनी सवय आहे. तिसरे सयाजीराव महाराज यांच्या काळात 1931 साली इथे 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला, त्यात इंग्रजी संज्ञांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांतील शब्द शेजारी शेजारी ठेवले होते. कार्यालयीन भाषेत आजही 'पूर' घराण्याचे राज्य आहे: पूर्णवेळ, पूर्णपीठ, गणपूर्ती. तिथे ते योग्यच आहे, कारण कार्यालयाला संख्या पुरी झाली की नाही एवढेच पाहायचे असते. अडचण तेव्हा होते, जेव्हा कार्यालयाच्या सवयीने आपण माणसाच्या पोटाविषयी लिहू लागतो.

शिवणकाम आणि गाणे यांविषयी थोडक्यात. पडद्याच्या कापडातील फुलनेसला आपला शिंपी 'घेर' म्हणतो किंवा 'चुण्या किती ठेवू' असे विचारतो. सहा फुटांच्या दांडीला बारा फूट कापड घ्यायचे असेल तर 'दुप्पट घेर' म्हणावे, 'दुप्पट पूर्णता' म्हणू नये. आवाजासाठी 'भरदार' आणि 'भरीव' हे दोन शब्द आहेत. बडोद्याचे दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांचा खर्जाकडचा आवाज ऐकला की 'भरदार' कशाला म्हणतात ते समजते. गवई 'आवर्तन भरणे' असेही म्हणतात, आणि तिथे भरायचा असतो तो समेपासून समेपर्यंतचा, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याचा काळ. म्हणजे वर म्हटलेल्या माझ्या विधानाला, की काळ हे भांडे नव्हे, गाण्यात अपवाद सापडतो, आणि तो मी आनंदाने मान्य करते.

आता आपल्या तीन वाक्यांकडे येते. पोटाच्या पत्रकात दोन वेगळ्या गोष्टी एकाच इंग्रजी शब्दाखाली आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या कराव्यात. जेवताना 'आता बस' असे वाटणे ही एक, आणि जेवणानंतर बराच वेळ भूक न लागणे ही दुसरी. पोट ताणले गेल्याचा आणि अन्न आतड्यात पोचल्याचा संदेश मेंदूला मिळायला काही वेळ लागतो, सर्वसाधारणपणे वीस मिनिटे सांगतात. म्हणूनच सावकाश जेवावे असे पत्रकात लिहिलेले असते. पहिल्यासाठी 'पोट भरणे', दुसऱ्यासाठी 'भूक न लागणे' किंवा 'पोट भरलेले राहणे' असे लिहावे. आणि जिथे तो त्रास म्हणून आला आहे, तिथे 'थोडेसे खाल्ले तरी पोट गच्च झाल्यासारखे वाटते का?' असे विचारावे. 'पोटाला तडस लागणे' हा शब्द चांगला आहे, पण तो खूप खाल्ल्यानंतरच्या ताणाला म्हणतात, त्यामुळे इथे तो दिशाभूल करील. 'गुबारा धरणे' हे वाऱ्याने पोट फुगण्यासाठी राखून ठेवावे. डॉक्टरांना या दोन तक्रारी वेगवेगळ्या हव्या असतात.

कानाच्या बाबतीत तर भरण्याचा शब्दच आणू नये. 'कान भरला आहे का?' असे विचारले तर रुग्ण मळ किंवा पाणी समजेल, आणि 'कान भरले आहेत का?' असे अनेकवचन झाले तर कोणी चुगली केली आहे का, असाच अर्थ निघेल. सर्दीत किंवा विमान उतरताना जे होते त्याला आपल्याकडे 'कानाला दडे बसणे' म्हणतात. पत्रकात तेच लिहावे: 'कानाला दडे बसल्यासारखे वाटते का? ऐकू येणे कमी झाले आहे का?' तरुण वाचकांपैकी काहींना 'दडे' माहीत नसेल, असे आपल्याला वाटत असेल तर पुढे 'कान बंद झाल्यासारखा वाटतो का' असे जोडावे, पण 'दडे' गाळू नये. ज्येष्ठ रुग्ण तोच शब्द घेऊन दवाखान्यात येतात.

तिसरे वाक्य गरोदरपणाचे आहे. बोलण्यात 'तिचे दिवस भरत आलेत' हे अगदी स्वाभाविक आहे आणि सासूबाई सुनेविषयी कौतुकाने तसे म्हणतात. परंतु 'दिवस भरले' याचा दुसरा अर्थ, म्हणजे कोणाची अखेर जवळ येणे, तितकाच रूढ आहे, आणि प्रसूतीच्या खोलीत एकटीने कागद वाचणाऱ्या मुलीला तो आठवू नये. तिथे 'पूर' घराण्याकडे जावे. गर्भधारणेचे 37 आठवडे पुरे झाल्यानंतर जन्मलेल्या मुलाला 'पूर्ण दिवसांचे बाळ' म्हणतात, आणि हा शब्द आपल्याकडच्या सुईणींनाही ठाऊक होता. आपल्या पत्रकात मी असे लिहीन: 'आपल्या गर्भाचे दिवस पुरे होत आले आहेत. बाळ पूर्ण दिवसांचे होऊन जन्मावे, यासाठी पुढील काळजी घ्या.'